पेठेत गाळा घेऊ की मंचरला? बाजाराचं गाव ओळखायचं कसं

मागच्या व्हिडिओत आपण गाळ्याचा भाडेकरार कसा वाचायचा ते पाहिलं. तो व्हिडिओ पाहून एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "सर, करार वाचायचा कळलं. पण गाळा घ्यायचा कुठे, ते तुम्ही सांगितलंच नाही."

प्रश्न बरोबर होता. करार चुकला तर डिपॉझिट अडकतं, पण जागा चुकली तर सगळं भांडवलच जातं.

ताई सातगाव पठारावरच्या, आंबेगाव तालुक्यातल्या. आठ वर्षं घरीच शिवणकाम करतात. आता त्यांना ब्लाउज, फॉल-पिको आणि जोडीला मॅचिंग सेंटर असं दुकान टाकायचंय. हातात दीड लाख. त्यातले साठ हजार शिवणकामातून साठवलेले, नव्वद हजार बचत गटाचं कर्ज. म्हणजे धंदा चालो न चालो, हप्ता सुरू होणारच. जागा तीन डोळ्यांसमोर होत्या: स्वतःच्या घराचा ओटा, पेठेतला एक गाळा आणि मंचरमधला एक गाळा. सासूबाईंचं म्हणणं, घरीच कर, भाडं वाचेल. मिस्टर म्हणत होते, करायचंय तर मंचरला कर, तिथे गर्दी आहे.

मी फोनवर उत्तर दिलं नाही. म्हटलं, ताई, पंधरा दिवस थांबा, मी सांगतो तशी मोजणी करा, मग बोलू. ती मोजणी काय आणि का, तेच आज लिहितोय. तुमचं गाव पेठ नसेल, पण तुमच्या आसपास एक पेठ नक्की आहे.

आधी माझीच चूक सांगतो

माझं पहिलं दुकान हायवेवर होतं. दुसऱ्या तालुक्यात, नाव नको. नाश्ता सेंटर. तेव्हा मीही अशीच "मोजणी" केली होती. सकाळी सात ते अकरा रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्या मोजल्या. हजाराच्या वर आकडा गेला. वहीवर हिशोब केला: शंभरातल्या दोन गाड्या थांबल्या तरी वीस गाड्या, गाडीत तीन माणसं, म्हणजे साठ प्लेट. गाळा घेतला, कढई लावली. पहिल्या आठवड्यात रोज सात-आठ प्लेट गेल्या. त्यातल्या चार माझ्या मित्रांच्या.

काय चुकलं? मी चाकं मोजली, माणसं मोजलीच नाहीत. त्या गाड्या ऐंशीच्या वेगाने जात होत्या. ड्रायव्हरला माझा बोर्ड दिसेपर्यंत दुकान मागे पडायचं. त्यात पुढच्या वर्षी रस्त्यावर दुभाजक आला आणि पलीकडच्या बाजूची गिऱ्हाइकं तर संपलीच. चौदा महिन्यांत दुकान बंद केलं. तेव्हापासून कोणी "हायवे टच गाळा आहे" असं म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, हायवे टच आहे ते कळलं, पण माणूस इथे उतरतो का आणि कशासाठी उतरतो?

पेठ बाजाराचं गाव का आहे?

पुण्याहून नाशिककडे निघालात की राजगुरुनगर सोडल्यावर खेडचा घाट लागतो. तो चढून वर आलात की पठार सुरू होतं आणि पेठ येतं. पुढे अवसरीचा घाट उतरलात की मंचर. म्हणजे पेठ दोन घाटांच्या मधे वर बसलेलं आहे. कुरवंडी, भावडी, कारेगाव, थुगाव, कोल्हारवाडी ही पठारावरची गावं. त्यांना कुठेही जायचं तरी एका बाजूला नाहीतर दुसऱ्या बाजूला घाट उतरावा लागतो. जे काम घाट न उतरता होईल ते पेठेत, नाही झालं तर मंचर किंवा राजगुरुनगर. एवढं साधं गणित आहे. पेठेचा बाजार हायवेने कमी आणि घाटाने जास्त बांधलाय, असं माझं मत.

नावही बघा. पेठ म्हणजेच बाजार. पुण्यात शनिवार, रविवार, सोमवार, बुधवार अशा पेठा आहेत, त्या वारांच्या नावाने वसवलेल्या. जुन्या मराठी कागदपत्रांत साधं गाव असेल तर "मौजे", बाजाराचं मोठं गाव असेल तर "कसबा", आणि व्यापारासाठी मुद्दाम वसवलेली वस्ती म्हणजे "पेठ". या पेठांचं वतन शेटे आणि महाजन यांच्याकडे असायचं. शेटे हे आडनाव आपल्या जुन्नर-आंबेगावात आजही घरोघर सापडेल. नवी पेठ वसवायची तर सरकार व्यापाऱ्यांना कौल द्यायचं, म्हणजे ठरावीक वर्षं कर माफ किंवा कमी, या आणि दुकानं मांडा. आज एखादा गाळेमालक नव्या कॉम्प्लेक्समध्ये बँकेला किंवा मेडिकलला पहिले सहा महिने भाडं माफ करतो ना, तोच हा प्रकार. त्याला माहीत असतं की बँक आली की माणसं येतात, माणसं आली की बाकीचे गाळे आपोआप भरतात.

आता एक गैरसमज काढून टाकू. सरकारी कचेरी असलेलं गाव म्हणजेच बाजाराचं गाव, असं काही नाही. आपलाच तालुका घ्या. तालुक्याला ज्या आंबेगावाचं नाव आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तहसील कचेरी घोडेगावला. आणि मोठा बाजार मंचरला! शेजारचा जुन्नर तालुका बघा. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटात तो दगडी रांजण आजही आहे, जकातीचा रांजण म्हणून दाखवतात. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूचं काम करणारे, कांस्याची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींची, म्हणजे आजच्या भाषेत व्यापारी संघटनांची नावं आहेत. एवढा मोठा बाजार! पण मोटाररस्ता पुणे-नाशिक असा गेला, जुन्नर आत राहिलं आणि टोमॅटोचा मोठा बाजार भरतो नारायणगावला. कल्याण-नगर रस्ता पुणे-नाशिक रस्त्याला जिथे छेदतो तिथे आळेफाटा वाढला. कचेरी जुन्नरला राहिली, व्यापाराचा बराच भाग फाट्यावर आणि हायवेवर गेला.

म्हणून "हे गाव मोठं आहे" एवढ्यावर गाळा घेऊ नका. गाव कशासाठी मोठं आहे, आणि तुमच्या गिऱ्हाइकाला तिथे यायचं कारण अजून शिल्लक आहे का, ते बघा.

उंबरठा आणि पल्ला

१९३३ मध्ये वॉल्टर क्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून एक पुस्तक लिहिलं. कोणतं दुकान लहान गावात चालतं आणि कोणतं मोठ्याच गावात, हा त्याचा प्रश्न. त्यातल्या दोन कल्पना आपल्या कामाच्या आहेत. मी त्यांना उंबरठा आणि पल्ला म्हणतो.

उंबरठा म्हणजे दुकान जगायला कमीत कमी किती घरं लागतात. पल्ला म्हणजे त्या वस्तूसाठी माणूस जास्तीत जास्त किती लांब यायला तयार असतो. तुमच्या पल्ल्यात येणारी घरं उंबरठ्यापेक्षा जास्त असतील तर दुकान चालेल. कमी असतील तर तुम्ही कितीही कष्टाळू असा, वर्षभरात शटर खाली येणार.

ताईंचाच हिशोब करू. पेठेतल्या गाळ्याचं त्यांना सांगितलेलं भाडं चार हजार. लाइट सहाशे, येण्या-जाण्याचं पेट्रोल चौदाशे, गटाचा हप्ता चार हजार. झाले दहा हजार. त्यात स्वतःची मजुरी धरा. इथे बहुतेक जण चुकतात, स्वतःची मजुरी शून्य धरतात आणि मग "धंदा फायद्यात आहे" म्हणतात. ताईंनी पाच हजार धरली, मी आठ धरायला लावली. एकूण अठरा हजार.

आता एका फेरीमागे, म्हणजे एक बाई दुकानात येऊन काहीतरी देऊन-घेऊन गेली तर, खर्च वजा जाता हातात किती राहतात? कधी पिकोचे वीस, कधी अस्तराच्या ब्लाउजचे दीड-दोनशे. ताईंच्या जुन्या वहीवरून सरासरी काढली तर नव्वद रुपये निघाले. अठरा हजार भागिले नव्वद, महिन्याला दोनशे फेऱ्या. एका घरातली बाई अशा कामासाठी दोन महिन्यांतून एकदा येते असं धरलं तर महिन्याला अर्धी फेरी. म्हणजे चारशे घरं "तुमची" हवीत. आणि सगळी घरं तुमची कधीच होत नाहीत. चारातलं एक घर तुमच्याकडे येईल असं धरलं तर पल्ल्यात सोळाशे घरं पाहिजेत. हा झाला तुमचा उंबरठा.

ताईंच्या गावात साडेतीनशे घरं. समजा एकूण एक बाई त्यांच्याकडेच आली, तरी महिन्याला पावणेदोनशे फेऱ्या. घरी भाडं नाही, पेट्रोल नाही, मान्य. पण साडेतीनशेच्या साडेतीनशे घरं एका दुकानाची होत नाहीत, आणि झाली तरी मॅचिंगचा माल एवढ्या घरांत फिरत नाही. साड्यांचे रंग पन्नास, अस्तराचे ठाण पन्नास ठेवावे लागतात, खपतात त्यातले बारा. उरलेल्या अडतीस ठाणांत तुमचे बचत गटाचे पैसे झोपून राहतात. सासूबाईंचं "भाडं वाचेल" बरोबर होतं, पण वाचलेलं भाडं न खपलेल्या ठाणांत गेलं असतं.

तुमच्या भागातली घरं कशी मोजायची? गावनिहाय लोकसंख्या २०११च्या जनगणनेत मिळते, पण ती आता जुनी झाली. त्यापेक्षा ग्रामपंचायतीत जा. घरपट्टीचं रजिस्टर असतं, नमुना ८. किती घरांना घरपट्टी लागते ते तिथे कळतं. पाच गावांत पाच चकरा होतील. माझा स्वतःचा दुकानाचा तोटा मी तुम्हाला सांगितलाच, त्यामानाने पाच चकरांचं पेट्रोल स्वस्त आहे.

एका खेपेचा धंदा आणि दोन खेपांचा धंदा

मग मंचर का नको? तिथे घरं तर कितीतरी जास्त. मला वाटतं या लेखातला सर्वात कामाचा भाग हाच, म्हणून जरा थांबून वाचा.

काही वस्तू अशा आहेत की माणूस एकदाच जातो, बघतो, घेतो, घरी येतो. लग्नाचा बस्ता, फ्रीज, मोटारसायकल, सोनं. त्यासाठी माणूस घाट उतरून मंचरच काय, पुण्याला लक्ष्मी रोडलाही जातो. चार दुकानं फिरायची असतात, भाव करायचा असतो, बरोबर नणंद-भावजय असतात, मिसळ खायची असते. ती सहल असते. असा धंदा लहान गावात काढू नका, कितीही सुंदर शोरूम केली तरी.

दुसऱ्या काही कामांना दोन खेपा लागतात. ब्लाउज टाकायला एकदा, न्यायला एकदा. आणि बहुतेक वेळा उसवून परत आणायला तिसऱ्यांदा! मोबाइल दुरुस्ती, फवारणी पंपाची दुरुस्ती, मोटर भरून घेणं, चष्मा, दळण. दोन खेपा म्हणजे लांबच्या बाजाराचा त्रास दुप्पट. घाट दोनदा उतरायचा, दोनदा चढायचा, पेट्रोल दोनदा. म्हणून दोन खेपांचं काम माणसाला सर्वांत जवळच्या बाजाराच्या गावात हवं असतं. तिथे दुकान जरा साधं असलं तरी चालतं, वेळेवर काम झालं की झालं.

म्हणजे ताईंच्या धंद्याचे खरे दोन भाग होते. शिवणकाम आणि पिको दोन खेपांचं. मॅचिंग, म्हणजे अस्तर, लेस, गोंडे, हे शिवणकामाच्या पाठीमागे ओढून येणारं. नवीन साड्या ठेवायचा विचारही त्यांच्या डोक्यात होता, तो मी काढून टाकायला लावला. साडी एका खेपेची वस्तू आहे, त्यात मंचरच्या दुकानांशी बरोबरी होणार नाही. पण मंचरहून आणलेल्या साडीचा ब्लाउज शिवायला ती बाई पेठेत थांबेल. समोरच्याच्या खरेदीवर आपला धंदा असा बसवता येतो.

थांबण्यावरून एक बारीक गोष्ट. रस्त्याची कोणती बाजू घ्यायची? लोक बाजाराला जाताना हात मोकळे ठेवतात, येताना पिशवी भरतात. त्यामुळे भाजी, फरसाण, मुलांचा खाऊ यासाठी घरी परतणाऱ्यांच्या बाजूचा गाळा चांगला. आणि "टाकून जायची" कामं असतात, ब्लाउज टाकला, मोबाइल टाकला, येताना नेतो म्हटलं, त्याला जाणाऱ्यांची बाजूही चालते. ताईंनी मोजणीत हेही लिहिलं. बाई कुठल्या बाजूने आली, पिशवी रिकामी की भरलेली.

मोजणी अशी करायची: तीन वेगवेगळे दिवस निवडा. एक बाजाराचा, एक दुधाच्या पगाराच्या लगेच नंतरचा, एक अगदी साधा. दर दिवशी सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात. गाड्या मोजायच्या नाहीत. फक्त खाली उतरलेली, पायी चालणारी माणसं. तुमचं गिऱ्हाईक बाई असेल तर फक्त बायका. आणि त्यांतल्या दहा जणींना सरळ विचारायचं, "ताई, आज कशासाठी आलात?" बँक, दवाखाना, मुलाची शाळा, खताचं दुकान, एसटी बदलायला, जे उत्तर येईल ते लिहायचं. ज्या कारणाने सर्वात जास्त लोक येतात त्या दारापासून दोन मिनिटांच्या आत तुमचं दुकान हवं. हायवेपासून नव्हे.

ताईंच्या वहीत काय आलं? हायवेला लागून असलेल्या गाळ्यासमोर माणसं कमी, आत गावातल्या रस्त्याला जास्त. भाडं मात्र उलटं होतं, हायवेचा गाळा दीडपट महाग!

बटाट्याचं कॅलेंडर

जागा ठरली तरी एक प्रश्न राहतोच: सुरू कधी करायचं? आपल्याकडे बहुतेक जण मुहूर्त बघतात, पाडवा नाहीतर अक्षय तृतीया. मुहूर्त बघा, माझी ना नाही. पण त्याआधी गावाच्या खिशात पैसा कधी असतो ते बघा.

सातगाव पठार म्हटलं की बटाटा. महाराष्ट्रात खरिपात, पावसावर बटाटा घेणारे भाग थोडेच. आपल्याकडे खेड-आंबेगाव आणि तिकडे साताऱ्याचा काही भाग. पठारावर जूनमध्ये पाऊस पडला की लागवड. बियाणं पंजाबहून येतं आणि त्याचा मोठा बाजार मंचरला. एकरी सहा ते आठ क्विंटल बियाणं लागतं, म्हणजे पन्नास किलोचे बारा-सोळा कट्टे. वर खत, वर करप्याची औषधं, वर मजुरी. जून-जुलैत पठारावरचा सगळा पैसा जमिनीत पुरलेला असतो. तीन-सव्वातीन महिन्यांनी काढणी. सप्टेंबर-ऑक्टोबरला पैसा वर येतो, आणि लगेच दिवाळी.

जूनमध्ये दुकान उघडणारा माणूस काय अनुभवतो? गिऱ्हाईक येतं, बघतं, आवडतं, आणि म्हणतं, "लिहून ठेवा, बटाटा निघाल्यावर देते." पहिल्या महिन्यात भांडवल उधारीत जातं, दुसऱ्या महिन्यात माल भरायला पैसे नसतात, तिसऱ्या महिन्यात रॅक रिकामे दिसतात आणि लोक म्हणतात, "त्या दुकानात काही मिळत नाही." दुकान वाईट नसतं, महिना वाईट असतो.

आणि बटाटा निघाल्यावर तरी पैसा येईलच असं कुठे आहे? पठाराची शेती बरीचशी पावसावर. कळमोडी धरणाचं पाणी पठाराला मिळावं ही मागणी कितीतरी वर्षं चाललीय. पाऊस लांबला, करपा आला किंवा काढणीच्या वेळी भाव पडला की तुमच्या वहीतली उधारी तशीच राहते. वेफर्स बनवणाऱ्या कंपन्या इथल्या शेतकऱ्यांशी करार करून बटाटा घेतात, त्यात भाव आधी ठरलेला असतो, तेवढाच थोडा भरवसा. म्हणून माझा नियम आहे, पिकावर उधारी द्यायची नाही, दुधावर द्यायची. दुधाचा पगार बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी होतो. "पुढच्या पगाराला द्या" असं म्हटलं तर समोरच्यालाही अपमान वाटत नाही, आणि उधारी दहा दिवसांच्या वर जात नाही. ज्या घरात दूध नाही, त्या घराला शिलाईची अर्धी रक्कम आगाऊ. ताई म्हणाल्या, "सर, ओळखीच्यांना कसं सांगू?" म्हटलं, वहीच्या पहिल्या पानावर छापून घ्या, म्हणजे तुम्ही सांगताय असं वाटत नाही, वही सांगतेय असं वाटतं.

खतं, बियाणं, औषधं यांचं दुकान काढायचा विचार असणाऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवतो: त्याला कृषी खात्याचे परवाने लागतात, कीटकनाशकांसाठी शिक्षणाचीही अट आहे. शिवाय तो धंदा उधारीवरच उभा असतो. मोठं भांडवल असल्याशिवाय त्यात हात घालू नका.

शेजारी स्पर्धक असेल तर?

पेठेतल्या त्या रस्त्यावर आधीच दोन टेलर होते, एक जेन्ट्स आणि एक ब्लाउजवाल्या काकू. ताई घाबरल्या. मी त्यांना नारायणगावची गोष्ट सांगितली.

नारायणगाव तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचं गाव. यात्रांच्या हंगामाआधी तमाशाचे फड तिथे आपापल्या राहुट्या लावतात, अगदी शेजारी शेजारी. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, तारीख आणि रक्कम ठरवतात, सुपारी देतात. गुढीपाडव्याला तर झुंबड. आता विचार करा, एखाद्या फडमालकाने ठरवलं की मी स्पर्धेपासून लांब, चाळीस किलोमीटरवर एकटाच राहुटी लावतो. कोण जाईल? कमिटीवाल्यांना निवड करायची असते, म्हणून ते जिथे दहा राहुट्या आहेत तिथे जातात. टोमॅटोचंही तेच. व्यापारी जिथे जास्त माल तिथे येतो, शेतकरी जिथे जास्त व्यापारी तिथे जातो.

पण हे प्रत्येक धंद्याला लागू नाही हो. लोकांना निवड करायची असेल तिथे गर्दी फायद्याची: साड्या, चपला, तमाशा, बैल. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घ्यायला लोक लांबून येतात ते त्यासाठीच. पिठाची गिरणी मात्र शेजारी दुसरी आली की दोघांचं अर्धं-अर्धं. ब्लाउजचं काम मधलं आहे. काकूंकडे दिवाळीत पंधरा-पंधरा दिवस वेटिंग असतं, हे ताईंच्या मोजणीतच निघालं. ज्या दुकानात वेटिंग आहे त्याच्या शेजारचा गाळा वाईट नसतो. ताई स्वतः काकूंना जाऊन भेटल्या. पिकोचं मशीन काकूंकडे नाही. आता काकूंच्या साड्या पिकोला ताईंकडे येणार, असं दोघींचं ठरलंय.

उद्या हे गाव असंच राहील का?

बाह्यवळणाबद्दल बरेच जण विचारतात. पुणे-नाशिक हायवे, जो आधी ५० नंबर होता आणि आता ६० आहे, त्यावर खेडच्या घाटाला, मंचरला, नारायणगावला बाह्यवळण रस्ते झाले. पूर्वी गावातून रांगत जाणाऱ्या गाड्या आता बाहेरून जातात. ज्यांचा धंदा त्या अडकलेल्या गाड्यांवर होता, त्यांचं नुकसान खरं आहे. चहा, वडापाव, काकडी, शेंगा विकणाऱ्या बाया-माणसांचं तर फारच. पण जो धंदा पठारावरच्या घरांवर उभा आहे त्याला ट्रक बाहेरून गेल्याने काय फरक पडतो? उलट रस्ता ओलांडायला सोपा होतो.

खरा धोका दुसराच आहे. प्रत्येक घरात मोटारसायकल आली. पूर्वी पठारावरच्या माणसाला मंचरला जायचं म्हणजे एसटीची वाट बघत अर्धा दिवस जायचा, आता तो अर्ध्या-पाऊण तासात खाली पोचतो. म्हणजे मंचरचा पल्ला वाढला आणि पेठेचा काही धंदा खाली घसरला. कॅसेटची दुकानं गेली, एसटीडी बूथ गेले, फोटो स्टुडिओ निम्मे गेले. मोबाइलवर मागवलेलं पार्सल आता वाडीवर येतं. त्यामुळे गाळा घेताना स्वतःला विचारा, माझी वस्तू पार्सलने येऊ शकते का? येत असेल तर विचार करा. बाईच्या मापाचा ब्लाउज अजून तरी पार्सलने नीट येत नाही. आलाच तर तो ढिला करायला कोणाकडे तरी न्यावा लागतोच.

तर ताईंनी काय केलं? हायवेचा गाळा सोडला. आतल्या रस्त्याला, दवाखाना आणि बँकेकडे जाणाऱ्या वाटेवर, नऊ बाय दहाची खोली घेतली. भाडं अठ्ठावीसशे, डिपॉझिट पंधरा हजार. पहिल्या हिशोबापेक्षा महिन्याला बाराशे कमी, म्हणजे उंबरठा दोनशे फेऱ्यांवरून एकशे सत्त्याऐंशीवर आला. साड्या नाहीत. अस्तराचे पन्नासऐवजी बावीस रंग, बाकीचे मागणी आली की मंचरहून आणायचे. दीड लाखातले चाळीस हजार हात न लावता बाजूला ठेवले, दहा महिन्यांचे हप्ते म्हणून. जुलैत गाळा मिळत होता, तरी त्यांनी मालकाला थोडी आगाऊ रक्कम देऊन सप्टेंबरपर्यंत थांबवलं. दुकान घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात उघडलं, पठारावर बटाट्याची काढणी सुरू असताना. पहिल्या महिन्यात दोनशे एकोणीस फेऱ्या झाल्या, पण तो दिवाळीचा महिना होता. मी त्यांना सांगितलंय, जूनची वही मला पाठवा.